संसार आणि शास्त्र : शीड केव्हां उतरावें?

सदाशिव पेठेंतील एका मोठ्या कुटुंबांतील धाकट्या सूनबाईंचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकते, एन. सी. सी.च्या नौदल पथकांत आहे आणि पोहण्यांत तरबेज आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी हांकण्यास शिकण्याची संधि तिला आली आहे. वडिलांची संमति आहे. थोरल्या दिरांचें म्हणणें असें कीं, तेवढ्या वेळांत दोन पुस्तकें अधिक वाचून झालीं तर परीक्षेस उपयोगीं पडतील. सासूबाई मात्र ठाम 'नाहीं' म्हणतात. त्यांचें माहेर अलीबागेकडचें. १९४७ सालीं 'रामदास' बोट बुडाली तींत त्यांचे मामा गेले. त्या वेळीं त्या सात वर्षांच्या होत्या, आणि घरांतील मोठ्या माणसांचे त्या दिवशींचे चेहरे त्यांना अजून आठवतात. पत्राच्या शेवटीं बाई लिहितात, "मला कोणाचीच बाजू घ्यावयाची नाहीं. मला एवढेंच कळावें कीं, पाण्यावर असतांना वारा एकाएकीं वाढला, तर या होडींतलीं माणसें करतात तरी काय?"

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत 'परवानगी द्यावी कीं न द्यावी' असा सवाल टाकून निवाडा मागणारींच अधिक असतात. या बाईंनीं निवाडा मागितलेला नाहीं, कृति विचारली आहे. म्हणून या महिन्याचें सर्व सदर आम्ही याच एका पत्रास देत आहों. कैरीच्या लोणच्यास बुरी कां येते असें विचारणाऱ्या भगिनींनीं पुढील अंकापर्यंत दम धरावा.

सदाशिव पेठेंतील माणसाचा पाण्याशीं परिचय नळाच्या वेळेपुरता, असें कोणी थट्टेनें म्हणेल. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटल्यावर पुण्याच्या पेठांतून पाणी कसें चढत गेलें हें सांगणारीं माणसें येथें अजून आहेत. आणि येथल्या कित्येक आडनांवांचीं मूळ गांवें गुहागर, राजापूर, मुरूड, दिवेआगर अशीं खाडीच्या नाहीं तर समुद्राच्या कांठचीं आहेत. घाट चढून वर आल्यावर समुद्र विसरला गेला, एवढेंच. भाषेंत मात्र तो राहिला. सुकाणू हा शब्द मूळ अरबी, नाखवा हा फारशी, आणि ज्याची आपण ज्येष्ठांत वाट पाहतों तो मान्सून म्हणजे अरबी खलाशांचा 'मौसिम', अर्थात् ठराविक हंगाम.

प्रथम वाऱ्याच्या बळाचा हिशेब करूं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो; वेग तिप्पट झाला कीं रेटा नऊपट. गच्चीवर वाळत घातलेलें नऊवारी लुगडें सकाळच्या झुळुकीस नुसतें हेलकावतें, आणि दुपारीं वारा थोडासाच वाढला असें वाटतें न वाटतें तोंच चिमट्यांसकट दोरी ओढूं लागतें, याचें कारण हेंच. एका माणसानें हांकावयाच्या लहान होडीचें शीड सुमारें ७ चौरस मीटर असतें. ताशीं १० सागरी मैल, म्हणजे सुमारें साडेअठरा किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत अशा शिडावर ढोबळ मानानें ११ किलोंचा रेटा बसतो. २० मैलांच्या वाऱ्यांत तोच ४५ किलोंच्या आसपास जातो, आणि ३० मैलांच्या वाऱ्यांत शंभराचा आंकडा गांठतो. ११ किलो म्हणजे दळणाचा डबा. मुलगी तो सहज उचलील. १०० किलो म्हणजे धान्याचें भरलेलें पोतें. डबा आणि पोतें यांच्यामध्यें वाऱ्याचा वेग फक्त तिप्पट झालेला असतो.

यंत्राशिवाय वाऱ्याचा वेग ओळखण्याची एक रीत फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यानें १८०५ सालीं बसविली. ती शून्यापासून बारापर्यंतच्या पायऱ्यांची असून सुधारलेल्या रूपांत आजहि जगभर चालते. तिची ओळख घरबसल्याहि करून घेतां येते. रस्त्यांत धूळ आणि कागदाचे कपटे उडूं लागले, झाडांच्या लहान फांद्या हलूं लागल्या कीं ती चौथी पायरी : ताशीं २० ते २८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांवरणें कठीण जातें ती सहावी : ताशीं ३९ ते ४९ किलोमीटर. आठवीस डाहाळ्या मोडून पडतात आणि वाऱ्याविरुद्ध चालतां येत नाहीं. शिकाऊ मुलामुलींच्या होड्या चौथ्या पायरीच्या पुढें पाण्यावर असूं नयेत असें आमचें मत आहे. कोणी शिक्षक पांचवीपर्यंत नेतील. ते स्वतः होडींत बरोबर बसणार असतील तर आमची हरकत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. वारा वाढल्यावर होडींतलीं माणसें काय करतात? पहिलें उत्तर असें कीं, जाणतीं माणसें मुख्य काम वारा वाढण्यापूर्वींच उरकून मोकळीं झालेलीं असतात. मोठ्या नावेच्या शिडाला खालची पट्टी गुंडाळून बांधण्याची सोय असते. एक पट्टी बांधली कीं शीड लहान होतें, दुसरी बांधली कीं आणखी लहान. अरबी समुद्रांतील तिरप्या परमाणाच्या जुन्या गलबतांवर पट्ट्या बांधण्याऐवजीं मोठें शीडच उतरवून लहान चढविण्याची चाल होती. रीत कोणतीहि असो, खलाशांचा नियम एकच सांपडतो : शीड लहान करावें काय, असा विचार मनांत प्रथम येतो तीच तें लहान करण्याची वेळ. कारण उघड आहे. वारा बेताचा असतांना जें काम एक माणूस पांच मिनिटांत करतो, तेंच वारा दुप्पट झाल्यावर, होडी कललेली, कापड आपटत असलेलें आणि दोर ओला अशा स्थितींत, दोघांनाहि आवरत नाहीं. आणि शीड उगाच लवकर लहान केलें असें मागाहून ठरलें, तर नुकसान तें काय? पोहोंचण्यास थोडा उशीर होतो.

धरणावरच्या लहान होडींत पट्ट्या बांधण्याची सोय पुष्कळदां नसते. तेथें सारें काम हातांतला दोर, सुकाणू आणि बसणाऱ्याचें स्वतःचें अंग यांवर चालतें. झोत येतांच शिडाचा दोर हातभर सैल सोडावा. शीड वारा टाकून देतें आणि होडी सरळ होऊं लागते. त्याच क्षणीं सुकाणूनें होडीचें तोंड वाऱ्याकडे वळवावें, आणि आपण वाऱ्याच्या बाजूच्या कांठावर सरकून पाठ पाण्यावर झोंकावी. होडीचें तोंड अगदीं वाऱ्यासमोर आलें कीं शीड नुसतें फडफडतें आणि होडी थांबते. लहान होडीला लगाम असा हाच. नवख्याची खोड नेमकी उलट असते. भीति वाटली कीं मूठ आवळते, मूठ आवळली कीं दोर ताणला जातो, आणि ज्या वाऱ्याला सोडून द्यावयाचें त्यालाच आपण शिडांत कोंडून ठेवतों. म्हणून शिडाचा दोर नेहमीं हातांत असावा, गांठ मारून कोठेंहि बांधून ठेवूं नये, हा पहिल्या दिवशींचा पाठ. बाईंनीं मुलीस आल्यावर हाच प्रश्न विचारावा. उत्तर चटकन् आलें तर शिक्षण बरें चाललें आहे असें समजावें.

पाठीवर वारा घेऊन जाणें नवशिक्यास फार सुखाचें वाटतें. होडी वाऱ्याबरोबर पळत असल्यामुळें वाऱ्याचा जोर अंगास जाणवत नाहीं, आणि तेथेंच फसगत होते. मागचा वारा किंचित् बाजू बदलतो आणि शिडाच्या तळाची आडवी काठी एका अंगाकडून दुसऱ्या अंगास सपाट्यानें फिरते. डोकें वेळेवर खालीं घातलें नाहीं तर कपाळमोक्ष ठरलेला, आणि डोकें वांचलें तरी होडी बहुधा त्याच झटक्यांत पालथी होते. परत फिरतांना तोच वारा समोरून घ्यावयाचा असतो, तेव्हां तो किती आहे हें कळून येतें. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण पेठेंतल्या व्यवहारांत उपयोगी असेल. होडींत तिचा उपयोग जपून करावा.

आणि होडी उलटली तर? ती उलटणारच. लहान होड्या उलटण्यासाठींच, म्हणजे उलटून पुन्हां उभ्या राहण्यासाठीं केलेल्या असतात. आंतल्या पोकळ कप्प्यांमुळें त्या बुडत नाहींत. तळांतून खालीं पाण्यांत उतरणारी एक फळी असते. तिच्यावर उभें राहून, कांठास धरून, अंगाचा भार मागें टाकला कीं होडी सरळ होते. वारा पडलेला असतांना, शिक्षकाच्या देखत, ही कवाईत मुद्दाम होडी उलटवून पुनःपुन्हां करवून घेतात. ज्या वर्गांत ही कवाईत शिकवीत नाहींत त्या वर्गांत मुलीस पाठवूं नये, असें आम्ही बेधडक सांगतों. एक गोष्ट मात्र पोहणाऱ्यांस विशेष सांगितली पाहिजे. उलटलेली होडी सोडून कांठाकडे पोहत निघूं नये. पाण्यावरून कांठ असतो त्याहून जवळ दिसतो, वारा व लाटा विरुद्ध असतात, आणि मदतीस येणाऱ्या यांत्रिक होडीला पालथी होडी दुरून दिसते, माणसाचें एकटें डोकें दिसत नाहीं. बाईंची मुलगी पोहण्यांत तरबेज आहे. येथें तो गुण आहे तसा मोहहि आहे. लाइफ-जॅकेट अंगांत घालून बंद बांधलेलें असावें. होडींत पायांशीं ठेवलेलें जॅकेट पाण्यांत पडल्यावर घालणें किती कठीण जातें, हें एकदां उथळ पाण्यांत करून पाहावें.

हें सर्व झालें होडीचें; पण बदलत्या हवेचा प्रश्न होडींत बसण्यापूर्वींच सुरू होतो. पुण्याभोंवतालचीं धरणें डोंगरांच्या कुशींत आहेत. समुद्रावर वारा जसा सलग येतो तसा येथें येत नाहीं. खिंडींतून, उतारावरून, तुकड्यातुकड्यांनीं येतो, मध्येंच पडतो आणि भलत्याच बाजूनें पुन्हां उठतो. त्याचा माग पाण्यावर दिसतो. झोत जेथें पडला असेल तेथें पाणी काळपट आणि बारीक सुरकुतलेलें दिसतें, आणि तो डाग आपल्याकडे सरकत येतो. होडी हांकणाऱ्याची नजर शिडापेक्षां या डागांवर अधिक असावी. मग झोत अंगावर येण्यापूर्वीं दोर सैल करण्यास चार श्वासांचा अवधि मिळतो.

त्यांतून सुटी वैशाखांत, आणि वैशाख म्हणजे वळवाचे दिवस. सकाळीं आकाश स्वच्छ असतें. दुपारपर्यंत उकाडा वाढतो, आणि डोंगरांच्या माथ्यांवर पिंजलेल्या कापसाच्या ढिगांसारखे ढग वर वर चढत जातात. तिसऱ्या प्रहरीं त्यांचे तळ काळे होतात. मग हवा एकाएकीं पडते. पान हलत नाहीं. नवशिक्यास वाटतें, वारा गेला, आतां निवांत बसावें. इतक्यांत गार झोत येतो, पुष्कळदां आधींच्या वाऱ्याच्या अगदीं उलट दिशेनें, आणि त्याला भिजलेल्या मातीचा वास असतो. ढगांतून कोसळणाऱ्या पावसाबरोबर थंड होऊन जड झालेली हवा खालीं येते, जमिनीवर आदळून चहूंकडे पसरते आणि पावसाच्या पुढें धांवत सुटते. तिसऱ्या पायरीवरचा वारा या झोतांत पांच-दहा मिनिटांच्या आंत आठव्या पायरीवर जाऊं शकतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातलेले असले, तर ते केव्हां उचलावे हें घरांतील आजीला कोणीं शिकवावें लागत नाहीं. ती पश्चिमेकडे, पूर्वेकडे एकदां पाहते, ढगांचे तळ पाहते आणि हांक मारते; गार झोत येण्याची वाट पाहत बसत नाहीं. शीड उतरविण्याची विद्या यापेक्षां निराळी नाहीं. उलट आम्हांस असें वाटतें कीं, ज्या सासूबाई या बेताच्या विरुद्ध आहेत, त्यांनाच मुलीनें वळवाचीं लक्षणें विचारून घ्यावीं.

पुण्यांत राहणाऱ्यास हवेची खबर नव्हती ही सबबहि चालण्यासारखी नाहीं. भारतीय हवामान खात्याचें मुख्यालय १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या त्या वास्तूस लोक 'शिमला ऑफिस' म्हणतात आणि तेथें खात्याचें काम अद्याप चालतें. गडगडाटी पावसाच्या पुढल्या तीन तासांपुरत्या सूचना हें खातें देतें. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनें विजेची सूचना देणारें 'दामिनी' नांवाचें मोबाइल ॲप तयार केलें आहे, तें मुलीच्या फोनवर असावें. पण फोन कांठावर राहणार असल्यामुळें तें पाहण्याचें काम कांठावरील माणसाकडे नेमून दिलेलें असावें. विजेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तु म्हणजे आपली डोलकाठी. गडगडाट कानीं पडण्यापूर्वींच होडी कांठास लागून माणसें पक्क्या छपराखालीं गेलेलीं असावीं, मग वारा असो वा नसो.

आतां सासूबाईंच्या भीतीकडे. ती भीति व्यर्थ आहे असें त्यांना कोणी सांगूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' मुंबईहून रेवसकडे निघाली. तींत सुमारें सातशें माणसें होतीं. ऐन आषाढाचा समुद्र. काशाच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्यानें बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले आणि पाहतां पाहतां ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कोळ्यांच्या होड्यांनीं कांहीं थोड्यांस वांचविलें. ती आगबोट होती, शिडाचें तारूं नव्हे. परंतु कललेल्या नावेंत वजन खालच्या अंगास गेलें म्हणजे काय होतें, हें दोहोंकडे सारखेंच. लहान होडींत शिक्षक पोरांना 'वरच्या अंगास सरका' म्हणून ओरडतात, त्या ओरडण्यामागें असल्या प्रसंगांचा अनुभव आहे. त्या दिवशीं काय झालें तें सासूबाईंनीं नातीस एकदां बसवून सांगावें. शिक्षकाच्या दहा सूचनांपेक्षां तें तिच्या अधिक ध्यानांत राहील.

कोंकणच्या होडीवाल्यांची जुनी रीत याहून शहाणपणाची होती. पावसाळा तोंडावर आला कीं होड्या वर ओढून, शाकारून ठेवावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिल्यावर पुन्हां लोटावयाच्या. या चालींत श्रद्धा आहे तसें पिढ्यान्‌पिढ्यांचें निरीक्षणहि आहे. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते. ती मुख्यतः माशांच्या विणीसाठीं असली, तरी खवळलेल्या समुद्रांत माणसें जाऊं नयेत हाहि तिचा हेतु आहे. शीड उतरविण्याची सर्वांत सोयीची वेळ म्हणजे तें चढविण्यापूर्वींची.

थोरल्या दिरांस हा सर्व पोरखेळ वाटतो, म्हणून चार गोष्टी त्यांच्यासाठीं लिहितों. पृथ्वीच्या दक्षिण भागांत चाळीस अक्षांशांपलीकडे वारा अडविण्यास जमीन जवळ जवळ नाहींच. भूगोलाच्या पुस्तकांत 'गर्जणारे चाळीस' म्हणून ज्यांचें नांव येतें ते वारे तेथले. त्या समुद्रांतून एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज. १४ जून १९६८ रोजीं निघून २२ एप्रिल १९६९ रोजीं तो परतला. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटांची सागवानी नाव मुंबईंत येथल्या सुतारांनीं बांधलेली होती. मोठ्या वादळांत तो शिडें जवळ जवळ सर्व उतरवी आणि नावेच्या मागें जाड दोराचा लांबच लांब फांस पाण्यांत सोडी. दोराच्या ओढीनें नावेचा वेग कमी होई आणि पाठ लाटांकडे सरळ राही. लाटेवरून घसरत जाऊन आडवी पडण्याचें भय त्यामुळें टळे. वादळांत वेग वाढविण्याची नव्हे, कमी करण्याची ही खटपट घाटांत गाडी उतरविणाऱ्यास समजावून सांगावी लागणार नाहीं.

आपल्याकडे ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं उचलून धरली. फलटणजवळच्या विंचुर्णी गांवीं राहून, वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावरहि, ते तिचा पाठपुरावा करीत होते. गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही नाव बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं तींतून मुंबईहून एकटे निघून, चार बंदरें घेऊन, १९ मे २०१० रोजीं प्रदक्षिणा पुरी करून परत आले. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागून अभिलाष टॉमी यांनीं त्याच नावेंतून २०१२-१३ मध्यें कोठेंहि न थांबतां ती प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्यें नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं 'तारिणी'तून जाऊन आल्या. वाटेंत प्रशांत महासागरांतील मोठें वादळ आणि पुढें सुकाणूची मोडतोड हीं दोन्ही त्यांनीं निभावलीं. २०२४-२५ मध्यें त्याच 'तारिणी'तून दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघींनींच पृथ्वी घातली. खडकवासल्याच्या प्रबोधिनींतहि, जेथें छात्रांस तलावावर शिडाची होडी शिकवितात, २०२२ सालापासून मुलींस प्रवेश मिळूं लागला आणि त्यांतील पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्यें शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या.

परंतु एवढेंच लिहून थांबलों तर तें सासूबाईंशीं अप्रामाणिकपणाचें होईल. याच अभिलाष टॉमी यांची नाव सप्टेंबर २०१८ मध्यें, दक्षिण हिंदी महासागरांत एकट्यांच्या शर्यतींत असतांना, वादळांत सांपडली. वारा ताशीं ७० सागरी मैलांच्या आसपास, लाटा चार मजली इमारतीएवढ्या. नाव पूर्ण उलटून पुन्हां सरळ झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. त्यांना उठतां येईना. अनुभवी, सावध, शिकलेला माणूस. तरी समुद्रानें त्याला आडवें केलें. तो वांचला तो उपग्रहाद्वारें मदतीचा संदेश पाठविण्याचें यंत्र हाताशीं होतें आणि तें वापरण्याची तालीम झालेली होती म्हणून. तीन दिवसांनीं 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्याला उचललें. पुढें शस्त्रक्रिया होऊन तो पुन्हां चालूं लागला, आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेस, २०२३ च्या एप्रिलमध्यें, दुसरा आला. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर ही स्त्री. आणि वाटेंत बुडालेल्या एका स्पर्धकास वांचवून ती पुढें गेली होती.

धरणाच्या पाण्याची या समुद्राशीं बरोबरी नाहीं, तशी ती शिकाऊ मुलीची टॉमींशींहि नाहीं. म्हणून मदतीची तजवीज लहान पाण्यावरहि तितकीच पाहिली पाहिजे. वर्ग चालू असेपर्यंत एंजिनाची होडी, चालू स्थितींत आणि चालविणाऱ्यासह, पाण्यावर असते काय? ती किती होड्यांस पुरते? पाण्यावरून सर्वांना परत बोलावण्याचा निर्णय एकाच नेमलेल्या माणसाच्या हातीं आहे काय, आणि तो माणूस त्या वेळीं कांठावर असतो कीं चहास गेलेला असतो? गेल्या वर्षीं वारा पाहून किती वेळां वर्ग रद्द केला, हें आवर्जून विचारावें. 'एकदांहि नाहीं' असें उत्तर कोणी अभिमानानें दिलें, तर मुलीस घेऊन घरीं परत यावें. 'पुष्कळदां, आणि पालक रागावतात' असें उत्तर आलें, तर नांव नोंदवावें.

कपड्यांविषयीं थोडें. सुती कपडा भिजला कीं जड होतो आणि वाऱ्यांत अंग गारठवितो. वैशाखांतहि दोन तास ओलें राहिल्यावर हुडहुडी भरते. अंगाबरोबर बसणारे, लवकर वाळणारे कपडे घालावे. ओढणी, सैल केस, सांखळी, अंगठी हीं घरीं ठेवावीं. चष्मा दोरीनें बांधावा. पायांत जुने कापडी बूट चालतात. परतल्यावर खावयास गुळपापडी किंवा लाडू बरोबर द्यावा. शीड ओढल्यानंतर भूक कडकडून लागते.

राहिली वेळेची गोष्ट. वैशाखांत वर्ग सकाळचाच असावा. सहाला पाण्यावर आणि दहाच्या आंत होडी कांठास, असें वेळापत्रक असल्यास वळवाच्या ढगांशीं गांठ पडण्याचा संभव पुष्कळच कमी होतो. दुपारचा वर्ग देऊं केला तर तो बदलून मागावा, न बदलल्यास यंदा जाऊं नये. सकाळचा मिळाला म्हणजे मुलगी जेवणवेळेस घरीं येते, आणि थोरल्या दिरांनीं सुचविलेलीं दोन पुस्तकें तिला दुपारीं वाचतां येतील.